बाई साकवावरून पडल्या नव्हत्या

बाई, काल आपल्या शाळेत तुम्हाला पुन्हा पाडलं. भर सकाळी, सभागृहाच्या खिडक्यांना काळं कापड लावून, पांढऱ्या भिंतीवर, सगळ्यांच्या देखत. आणि सगळे हसले. आजची मुलं हसली, त्यांचे आईबाप हसले, मुंबईहून खास रजा काढून आलेले तुमचे जुने विद्यार्थी हसले. मी पहिल्या रांगेत होते. प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं आणि प्रमुख पाहुणीला उठून जाता येत नाही. गळ्यात आबोलीचा हार घालून मी तुमचं पडणं पाहिलं.

तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून सांगते. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी आपल्या शाळेत एका सिनेमाचं चित्रीकरण झालं. शाळेतल्या पोरांचा सिनेमा. शहरातून आलेला मुलगा दहावीत आपल्या शाळेत दाखल होतो, दोन वेण्यांच्या मुलीकडे बघत वर्ष घालवतो, ती निघून जाते, आणि शेवटी तो मोठा झाल्यावर मोटारीतून येतो, रिकाम्या वर्गात जुन्या बाकावर बसतो आणि गाणं सुरू होतं. हा सिनेमा महाराष्ट्रभर चालला, अजून चालतो आहे. आता मोबाइलवर फुकट मिळतो, त्यातल्या वाक्यांवर मुलं अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती करतात, आणि तारकर्लीला आलेले पर्यटक वाट वाकडी करून आपल्या शाळेत येतात, त्या बाकावर बसून फोटो काढतात. त्या सिनेमात एक कडक मराठीच्या बाई आहेत. सुती पातळ, डाव्या हातावर अडकवलेली लांब दांड्याची काळी छत्री. त्या साकवावरून, म्हणजे आपल्या ओढ्यावरच्या त्या अरुंद पुलावरून, चाललेल्या असतात. मागून पोरं त्यांची नक्कल करत येतात. त्या मध्यावर थांबतात, मागे वळून बघत नाहीत, नुसती मिटलेली छत्री सरळ वर धरतात, आणि पोरं जागच्या जागी गोठतात. इथपर्यंत तुम्ही आहात. मग त्यांचा पाय घसरतो आणि त्या पाण्यात पडतात. छत्री उघडते आणि उलटी होऊन वाहत जाते. हे त्या सिनेमातलं सगळ्यात लोकप्रिय दृश्य आहे.

कालचा कार्यक्रम त्याच सिनेमाच्या वर्धापनदिनाचा होता आणि दुपारी सभा होती. प्रश्न एकच. तुम्ही वर्षानुवर्षं मुलांची नाटकं बसवून, गावोगाव प्रयोग करून जो रंगमंच उभा केलात, त्याच्या दर्शनी भागावर संगमरवरी फलक बसवायचा की नाही. ‘या शाळेत चित्रित झालेला अभिजात चित्रपट’, त्याखाली सिनेमाचं नाव. तुमचं नाव त्या रंगमंचावर कधीच लागलं नाही, कारण तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, “नाव नको, आधी छप्पर घाला.” छप्पर घातलं. नावाची जागा तशीच राहिली, आणि ती जागा आता अशा सिनेमाला द्यायची होती, ज्याने तुम्हाला पाण्यात पाडलं. आजच्या मुलांना तुम्ही माहीत आहात त्या एवढ्याच, पडलेल्या. मी बोलले नसते तर कोण बोललं असतं?

मला त्या ‘अभिजात’ शब्दाचा आधी राग आला. या राज्यात आता काहीही चाललं की ते अभिजात होतं. तुमच्या स्वयंपाकघरात मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. शनिवारची अर्धी शाळा सुटली की मी तुमच्याकडे यायची. तुम्ही आडाळ्याच्या विळीवर बसून नारळ खोवता आहात, चुलीवर पेज रटरटते आहे, आणि मी पाटावर बसून मोठ्याने वाचते आहे. वर्गात तुम्ही छापील मराठी बोलायचात, घरात मालवणी. मी एकदा विचारलं की मोठं पुस्तक कोणतं हे कसं ओळखायचं. तुम्ही हात न थांबवता म्हणालात, “जा पुस्तक तुका परत बोलावता, ता मोठा.” मी खूश झाले, सोपं उत्तर मिळालं म्हणून. मग तुम्ही खोवलेला कीस परातीत झटकलात आणि म्हणालात, “पण बोलावता कोण, ता बघ हां. पुस्तक बोलावता, की तुझाच कायतरी थय रवलेला आसा म्हणान तू जातस?”

पुढे मी खूप वाचलं, बाई. जे हाताला लागलं ते वाचलं, आणि जिथे व्यासपीठ मिळालं तिथे बोलले, खाणीविरुद्ध बोलले, बंद पडणाऱ्या शाळांसाठी बोलले. पण त्या वाक्याएवढी चांगली कसोटी मला कुठल्या समीक्षकाकडे मिळाली नाही. ती लावून बघितली तर हा सिनेमा उभा राहत नाही. लोक त्याच्याकडे परत जातात हे खरं, पण स्वतःच्या पंधराव्या वर्षाकडे जायचं असतं म्हणून जातात. सिनेमा नुसता दार उघडून धरतो आणि त्याबद्दल बक्षीस मागतो. त्या शाळेत कोणी कधी काही शिकत नाही. वर्षभर एकाही मुलाला एखादा धडा आवडत नाही, एकाही मुलीला गणिताची भीती वाटत नाही. त्या दोन वेण्यांच्या मुलीला बोलायला मोजकी वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्यात ती त्या मुलालाच काहीतरी विचारते. तिला काय हवं आहे हे दिग्दर्शकाला माहीत नाही, कारण त्याने विचारलंच नाही. आणि भाषा! सिनेमा घडतो आपल्या गावात, पण ज्यांना प्रेम होतं, दुःख होतं, ज्यांना विचार सुचतात, ते सगळे पुण्याची मराठी बोलतात. मालवणी बोलतात दोघंच, शिपाई आणि नायकाचा तो जाडा मित्र, मच्छीमाराचा मुलगा. दोघं तोंड उघडतात ते हसवायला. तो मित्र मध्यंतरानंतर बाकावर दिसतच नाही. शाळा सोडून गेला, मेला, बोटीवर गेला, कोणी विचारत नाही. सिनेमा त्याला विसरतो आणि बघणारे सिनेमाबरोबर विसरतात. ज्या गोष्टीला आपल्याच माणसाची आठवण राहत नाही, तिला अभिजात म्हणायचं?

हे सगळं मी काल सभेत बोलले. आवाज चांगला लागला होता. आणि इथेच तुम्ही ज्याबद्दल मला सावध केलं होतं ते घडलं.

तुम्हाला आठवत असेल, मला वक्तृत्व शिकवायला तुम्ही पुस्तक दिलं नव्हतं. तुम्ही मला देवळात नेलं होतंत. सभामंडपाच्या खांबाशी बसवलंत आणि म्हणालात, “गाऱ्हाणा आयक. शब्द नको आयकू, दम खंय घेता ता आयक.” गावकर, गावचे मानकरी, हातात नारळ धरून उभे. बा देवा म्हाराजा, म्हणून सुरुवात करतात, कोणाच्या पोराची नोकरी, कोणाच्या गाईचं दुखणं, सगळं एका लयीत देवापुढे मांडतात, आणि जिथे थांबतात तिथे सगळा मंडप एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” मुलीने गाऱ्हाणं घालायची पद्धत नव्हती, पण ऐकायला बंदी नव्हती. मी ते थांबणं उचललं. कुडाळच्या स्पर्धेत मी प्रत्येक वाक्यानंतर तसंच थांबले आणि प्रत्येक वाक्याला टाळी पडली. ढाल घेऊन परत येताना मी एस.टी.त तुमच्या शेजारी बसले होते, तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. कौतुकाची वाट बघून बघून मी शेवटी विचारलं. तुम्ही म्हणालात, “लोक व्हय म्हाराजा म्हणतत ती देवाक म्हणतत गो. तू तेंच्याकडसून तुका म्हणान घेतलंस. आता तू चुकलंस तरी ते व्हयच म्हणतले. तेका काय ऐकणा म्हणतत?” ढाल माझ्या मांडीवर होती. मी ती पिशवीत घातली.

काल मी सिनेमा फाडत होते आणि एका वाक्यानंतर जरा जास्तच थांबले. मागच्या रांगेतून आवाज आला, “व्हय म्हाराजा!” माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, तो. आता किनाऱ्यावर त्याचं चार खोल्यांचं होम-स्टे आहे, पोट सुटलं आहे, कानात मोबाइलची तार असते. सभा हसली. मी पुढे बोलले. पुढच्या वाक्याला चार जण म्हणाले, त्याच्या पुढच्या वाक्याला सगळी सभा. खरं सांगते, मला थांबता आलं नाही. ‘ज्या गोष्टीला आपल्या माणसाची आठवण राहत नाही,’ व्हय म्हाराजा! ‘तिचं नाव बाईंच्या रंगमंचावर लागता कामा नये,’ व्हय म्हाराजा! छप्पर दणाणलं. मी घामाघूम होऊन खाली बसले, जिंकल्यासारखी.

मग मुख्याध्यापक उठले. तरुण आहेत, सज्जन आहेत, पटसंख्येच्या काळजीने अर्धे झाले आहेत. ते म्हणाले, “ताईंचे विचार फारच प्रभावी होते. आपण सर्वांनी ते मनावर घेऊ या. तथापि, पर्यटनामुळे शाळेचं नाव होतं आहे, तेव्हा फलक बसवावा असं मी सुचवतो.” आणि थांबले. बिचाऱ्यांना दम घ्यायचा होता. सगळी सभा म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

हशा उसळला. मी हसले नाही. मी मागे वळून त्याच्याकडे बघितलं, तर तो डोळे पुसत हसत होता. चहाला मी त्याला गाठला.

“रे मेल्या, तू कोणाच्या बाजून?”

“दोघांच्या,” तो म्हणाला. “तू बरा बोललंस. ते सरय बरे बोलले. बटाटोवडो खा, गार होता.”

“छत्रीचं त्या लोकांना कोणी सांगितलं?”

“मी. आणि कोण सांगतलो? तेंचा जेवाण माझ्याकडेच होता. रोज बांगडे खायत आणि माका इचारीत, तुमच्या बाई कशे होते. मी प्रेमान सांगलंय गो! छत्री वर करून दाखवलंय.”

“आणि पडल्याचं?”

“ता नाय सांगूक. ता तेंचा तेंनी घातला.” त्याने वडा मोडला. मग म्हणाला, “पण तू त्या जाड्याबद्दल बोललंस ना, मध्यंतरानंतर दिसणा नाय म्हणान. तो मी. माका आवडता तो. पडद्यार आमच्यासारखो बोलणारो पयल्यांदा कोणतरी बघलंय मी. लोक हसत, हसूंदेत.”

“अरे, पण तो जातो कुठे? सिनेमाला माहीतसुद्धा नाही.”

“सिनेमाक म्हायत नसात,” तो म्हणाला. “माका म्हायत आसा, मी खंय गेल्लंय ता.”

मलाही माहीत आहे, बाई. नववीत तो शाळेत यायचा बंद झाला, कारण घरात रापण ओढायला हात कमी पडत होते. अख्खी वाडी मिळून किनाऱ्यावरून ओढते ते जाळं, त्यात एक पोरगा कमी म्हणजे एक दोर सैल. त्याचे वडील ऐकणारे नव्हते. तुम्ही शाळा सुटल्यावर साकव ओलांडून, माडांमधून, वाळू तुडवत त्यांच्याकडे गेलात. मला बरोबर नेलंत. तुम्ही उपड्या होडीवर बसलात, छत्री वाळूत रोवलीत आणि म्हणालात, “झिलाक धाडा. रापणीक सकाळी येव दे, शाळेक दहाक.” ते नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत गेलात. तिसऱ्या दिवशी परत. तुम्ही काहीच बोलायचा नाहीत, नुसत्या होडीवर बसून राहायचात, माणसं जाळं ओढत असायची. शेवटी त्याचा बापच ओशाळून म्हणाला, “बाईनू, तुमी रोज इलात तर आमची म्हावरा पळान जातली. न्हेवा तेका.” साकव तुम्ही अशा कामासाठी ओलांडायचात. ओल्या वाळूच्या चपला, शेवाळलेल्या फळ्या, आणि तुम्ही कधी घसरला नाहीत. एकदाही नाही. हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे, आणि तरी तो सकाळी त्या दृश्याला हसला. मी त्याला तेही विचारलं. तो म्हणाला, “सगळे हसले म्हणान हसलंय,” आणि वड्याचा कागद चुरगळत राहिला.

तेवढ्यात नववीतली एक मुलगी आली. सकाळी तिनेच मला हार घातला होता. तिला सभेतलं पटलं नव्हतं, तोंडावरच दिसत होतं. म्हणाली, “मॅडम, सिनेमात काय काय नाही ते तुम्ही सांगितलंत. बाई कशा होत्या ते नाही सांगितलंत.”

मी म्हटलं, “बेटा, तोच तर मुद्दा होता.”

“मग त्या छत्री खरंच अशी वर धरायच्या?”

“हो.”

“आणि पडल्या?”

“नाही. कधीच नाही.”

“करून दाखवा ना, खरी कशी धरायच्या ती.”

आजूबाजूला माणसं जमली. कोणीतरी छत्री आणून दिली, घडीची, बटणाची, तुम्हाला हसू आलं असतं. मी ती लांब केली, डाव्या हातावर अडकवली, चार पावलं चालले, थांबले, आणि वर धरली.

“अगदी सिनेमात आसा तशीच!” कोणीतरी ओरडलं, आणि टाळ्या पडल्या.

बाई, तोवर मला फक्त राग होता. त्या क्षणी मी घाबरले. कारण ते खरं होतं. माझं मनगट जरा डावीकडे कललं होतं, हनुवटी वर गेली होती. ती लकब त्या नटीची आहे. तुम्ही हनुवटी वर करायचात का? मला आठवेना. मी डोळे मिटून साकव आठवला, तर साकवावर तीच उभी, तिचं पातळ, तिची पाठ. तुमचा म्हणून एकही हलता फोटो कुठे नाही. शाळेच्या भिंतीवर जो आहे तो निरोपसमारंभातला, त्यात तुम्ही खुर्चीत बसून कॅमेऱ्यावर रागावलेल्या आहात. तुमचं चालणं फक्त आमच्या डोक्यात होतं, आणि त्या सिनेमाने ते आमच्या डोक्यातून काढून घेतलं आणि वर आपलं ठेवून दिलं. सभेत बोलताना मला हा मुद्दा सुचला नव्हता. हाच सगळ्यात मोठा होता.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी छत्री तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “मला नीट येत नाही. पण होडीवर बसायच्या, ते सांगते.” आणि सांगितलं. तो शेजारी उभा राहून मध्ये मध्ये चुका काढत होता, “उपडी नाय गो, सुलटी होडी होती,” “माझो बापूस असो नाय बोललो, तो गाळी घाली होतो.” ती ऐकत होती. व्हय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ऐकत होती.

फलक बसणार आहे. चहानंतर सभा पुन्हा भरली तेव्हा शेवटच्या बाकावरच्या त्याने माझ्यासाठी एवढं मात्र केलं, की ‘अभिजात’ शब्द गाळायचा. सभेला त्याने कारण सांगितलं, “अक्षरा कमी झाली की दगडय लहान लागतलो.” यावरही व्हय म्हाराजा झालं. म्हणजे माझ्या एवढ्या भाषणाने एक शब्द पडला, आणि तोही दगडाच्या मापामुळे.

माझं मत बदललेलं नाही. तो सिनेमा खोटा आहे, आळशी आहे, आपल्या माणसांवर जगलेला आणि त्यांनाच हसलेला आहे, आणि कोणी कितीही परत परत पाहिला तरी तो मोठा होत नाही. हे मी पुन्हा कुठेही उभी राहून सांगेन.

हे पत्र कोणाला पाठवायचं नाही, म्हणून एक लिहिते. तो सिनेमा काल त्या सभागृहात बसलेल्या कोणाहीपेक्षा जास्त वेळा मी पाहिला आहे. सगळा नाही. माझ्या मोबाइलवर, आवाज बंद करून, साकवाच्या सुरुवातीपासून. तुम्ही येता, पोरं मागून येतात, तुम्ही मध्यावर थांबता, छत्री वर करता. तिथे मी बोट ठेवते. तुम्ही तशाच उभ्या राहता, पडद्याचा उजेड आपोआप मंद होत जातो, आणि मी त्याच्या पुढे सिनेमा कधीच जाऊ देत नाही.